मराठीचं कुलूप

माझा राग नाकावर असतो, हे पहाडगंजातल्या आमच्या अर्ध्या गल्लीला माहीत आहे. जुलैमध्ये तर तो तिथून हलतच नाही. रिटर्न भरायची शेवटची तारीख जवळ येते आणि वर्षभर झोपलेले दुकानदार एकदम खडबडून जागे होऊन माझ्या जिन्यात रांग लावतात. कुणी बँकेचं स्टेटमेंट समोशाच्या कागदासारखं चुरगळून खिशातून काढतो. कुणी स्वतःच्या नि बायकोच्या पॅन कार्डाचा फोटो सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतो आणि वर 'दीदी, देख लेना' म्हणून मोकळा होतो. काय देख लेना? मी त्याला तिथल्या तिथे फोन करते, तो फोटो दोन्हीकडून पुसायला लावते आणि मगच पुढचं बोलते. तोंडावर लोक मला दीदी म्हणतात आणि पाठीमागे हवालदार. म्हणोत.

मी सी.ए. नाही. छोट्या दुकानदारांचे हिशेब लावायचे, त्यांची रिटर्नं भरायची, नोटीस आली तर उत्तर लिहायचं, एवढंच माझं काम. ऑफिस वडिलांनी काढलेलं. ऑफिस म्हणजे तरी काय, एका चादरीच्या दुकानावरची खोली, दोन टेबलं आणि एक कूलर, जो हवेपेक्षा आवाज जास्त देतो. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाला हे नको होतं. 'ताई, मला त्या गल्लीत आयुष्य नाही काढायचं,' म्हणाला आणि गुरुग्रामला काचेच्या इमारतीत नोकरीला लागला. मी लग्न केलं नव्हतं, नोकरी सोडण्यासारखीच होती, मी खोली घेतली. आई आणि मी द्वारकेला राहतो, मी रोज मेट्रोने येते-जाते. भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी गुरुग्रामला.

या कामात पैसा बेताचा, पण लोकांचं सगळं तुमच्या हातात असतं. कुणाची उलाढाल किती, कुणाचं खातं कुठल्या बँकेत, कुणाला सरकारकडून किती परत येणार. त्यांच्या बायकांना माहीत नसतं ते मला माहीत असतं. म्हणून तर, काही वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या एका वकिलाचा कॉम्प्युटर ऐन जुलैत कुणीतरी बाहेरून बंद पाडला आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं रस्त्यावर आली, तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही. मी भावाला फोन केला. असलं काही असलं की आमच्या घरात त्यालाच फोन करायचा.

तो रविवारी आला. दिवसभर बसून त्याने सगळ्या फायली एका ऑनलाइन तिजोरीत टाकल्या. तिला एक पासवर्ड. आणि नुसता पासवर्ड पुरेसा नाही, दर वेळी एका फोनवर सहा आकडी कोड येणार, तो घातला तरच उघडणार. तो फोन कुठे ठेवायचा, हे त्यानेच सुचवलं. 'ऑफिसात नको, तुझ्या पर्समध्ये नको. चोर लॅपटॉप नेईल तेव्हा पर्सही नेईल. घरी आईकडे ठेव.' मला ते इतकं पटलं की मी त्याच्या पाठीत थाप मारली. निघताना तो म्हणाला, "ताई, आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही."

तर आईकडे माझा जुना फोन गेला. तिने तो देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, स्वतः विणलेल्या पिशवीत ठेवला. तिला नियम समजावून सांगायचं काम माझं होतं. आईचं हिंदी म्हणजे लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा जे होतं तेच आजही आहे. भाजीवाल्याला ती 'मेरे को कडू काकडी देता है क्या' असं विचारते आणि तो घाबरून दोन काकड्या जास्त घालतो. तिला किती सांगणार, ओटीपी म्हणजे काय, फिशिंग म्हणजे काय. मी सोपं केलं. "आई, हिंदीत किंवा इंग्रजीत कुणी कोड मागितला, तर फोन आपटायचा. मग तो बँकेचा असो की पंतप्रधानांच्या ऑफिसातला असो. मराठीत मागितला तरच द्यायचा."

हा नियम काढल्याचा मला कोण अभिमान. दिल्लीतल्या आम्हा मराठी लोकांना ही सवयच असते. दुकानात भाव करताना, डॉक्टरसमोर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, चार लोकांत घरचं काही बोलायचं झालं की आवाज न बदलता मराठीत शिरायचं. कुणाला काही कळत नाही. आपल्यापुरतं दार लावून घेतल्यासारखं वाटतं. लहानपणापासून मी ते दार लावत आले आहे.

आणि आईनेही नियम मन लावून पाळला. लॉटरीवाले, वीज कापणारे, केवायसीवाले, सगळ्यांना तिने पिटाळलं. एकाला तर 'तुम्हारी मा को फोन कर, वो देगा' असं सुनावलं होतं. ते ती आल्या-गेल्याला रंगवून सांगायची.

रोज सकाळी ऑफिसात पोचले की मी तिजोरी उघडायची आणि घरी फोन लावायचा. आई खणातून फोन काढायची, चष्मा शोधायची, आणि जोड्या करून आकडे वाचायची. "एकोणऐंशी. त्रेसष्ट. बेचाळीस." मीही खात्रीसाठी मोठ्याने म्हणायची, "एकोणऐंशी, त्रेसष्ट, बेचाळीस." समोर चार गिऱ्हाइकं बसलेली असली तरी बेधडक. हल्लीच्या दिल्लीकर पोरांना हिंदीतलेही आकडे चाळिसाच्या पुढे येत नाहीत, त्यांना मराठीतलं एकोणऐंशी काय कळणार? भावाच्या मुलीलाही कळत नाही. 'आत्या, म्हणजे कितना?' विचारते. भावाला मात्र कळतं. आम्हा दोघांना आईने पाढे म्हणायला लावल्याशिवाय कधी जेवायला वाढलं नाही.

खालच्या चादरीच्या दुकानाच्या मालकीणबाई या माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. मी त्यांना आंटीजी म्हणते, त्या मला बेटा म्हणतात. नवरा गेल्यावर दीर दुकान गिळायला टपलेले होते, तेव्हा वडिलांनी त्यांचे कागद उभे केले होते. आजूबाजूच्या हॉटेलांना चादरी आणि उशांचे अभ्रे पुरवतात. माल पानिपतहून येतो. पानिपत म्हटलं की आमच्या आईचा चेहरा पडतो आणि आंटीजींचा खुलतो, यावरून मी त्यांना चिडवायची. सकाळी त्या चहा घेऊन वर यायच्या. माझं आकड्यांचं म्हणणं ऐकून सुरुवातीला त्यांना वाटलं होतं मी आईकडून रोज एखादा मंत्र घेते. मी खुलासा केला, तरी त्यांनी ते सोडलं नाही. "मिल गया माता जी का मंत्र?" असं विचारूनच त्या कप खाली ठेवायच्या.

या जुलैत एका सकाळी त्या वर आल्या तेव्हा हातात चहा नव्हता. खुर्चीत मटकन बसल्या. मला वाटलं ब्लडप्रेशर वाढलंय. पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"बेटा, तेरे दफ़्तर से फ़ोन आया था," त्या म्हणाल्या.

माझ्या ऑफिसातून फोन जायला ऑफिसात मी सोडून कोण आहे? पण त्यांना आला होता. एका माणसाचा, अगदी अदबीने बोलणारा. त्याने त्यांचा पॅन नंबर सांगितला. वारलेल्या नवऱ्याचं नाव सांगितलं. कुठल्या बँकेत कुठलं खातं आहे ते सांगितलं, किती रक्कम परत यायची आहे ते सांगितलं. मग या वर्षाची उलाढाल सांगितली. आंटीजी म्हणाल्या, इतना तो हमने बेचा ही नहीं. त्यावर तो पटकन म्हणाला, बरोबर, तीच चूक तुमच्या मॅडमकडून झाली आहे, मॅडमनीच दुरुस्तीसाठी फोन करायला सांगितलंय, नाहीतर नोटीस येईल. त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं. चूक दुरुस्त होत असताना फोनचा पडदा काळा झाला. परत उजळला तेव्हा दुकानाचं खातं रिकामं होतं. सणासुदीचा माल उचलण्यासाठी त्यांनी होतं नव्हतं ते त्यात जमवून ठेवलं होतं. आता पानिपतवाला माल देणार नाही, माल नाही तर हॉटेलं दुसरीकडे जाणार, आणि मग दीर आहेतच.

"उसे वो सब पता था," त्या म्हणाल्या, "जो सिर्फ़ तुझे पता है."

मला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी ओरडणाऱ्यांना पुरी पडते. त्या नुसत्या विचारत होत्या.

मी विचारलं, त्याने सांगितलेला उलाढालीचा आकडा आठवतो का? त्यांना चोख आठवत होता. तो मी कागदावर लिहून पाहिला. तो आकडा चुकीचाच होता, पण तो चुकीचा आहे हे जगात मला एकटीला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी घाईत मी एका हॉटेलचं बिल दोनदा धरलं होतं. रविवारी फरिदाबादला मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात, पंगतीत बसलेली असताना ते माझ्या लक्षात आलं, आणि सोमवारी सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या मी ते सुधारलं. म्हणजे तो आकडा फायलीत होता तो फक्त मधल्या रविवारी. आणि रविवारी खोलीला कुलूप होतं.

आंटीजींना घेऊन आधी बँकेत गेले, खातं गोठवलं, सायबर तक्रारीच्या फोनवर तक्रार नोंदवली. परत येऊन तिजोरी उघडली. ती केव्हा केव्हा उघडली गेली, हे तिच्यात एका कोपऱ्यात दिसतं, असं भावानेच एकदा दाखवलं होतं. मी ते कधी बघितलं नव्हतं. कशाला बघेन? बघितलं तर रविवारी दुपारी ती उघडली गेली होती. दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून. पासवर्ड बरोबर, कोड बरोबर. कुणी फोडलं नव्हतं, उकरलं नव्हतं. किल्ली लावून आत आले होते. अशा वेळी मालकाला इशाऱ्याचा ईमेल जातो म्हणतात. तो कुठल्या पत्त्यावर जातो ते पाहिलं. भावाच्या. तिजोरी त्यानेच बनवली होती ना, त्याने स्वतःचा पत्ता घातला होता.

तरी मी स्वतःला समजावत होते. मेट्रोत द्वारका येईपर्यंत मी त्याच्या बाजूने भांडत होते. त्याचा लॅपटॉप कुणी चोरला असेल. पासवर्ड दर सीझनला तोच बदलायचा, तो त्याच्याकडून फुटला असेल. पण कोड? कोड तर देव्हाऱ्याच्या खणात होता.

आई गवार मोडत बसली होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, रविवारी कोड कुणाला दिलास?"

"कुणाला देणार? तू तर फरिदाबादला होतीस. गुडघा दुखतोय म्हणून मी एकटीच होते घरी."

मी खणातून फोन काढला. पिशवीतून बाहेर काढून तिच्यासमोर धरला. रविवारचा मेसेज त्यात होता, उघडलेला, वाचलेला. आईने तो पाहिला, आणि गवारीची शेंग मोडून ताटात टाकली.

"मराठीत मागितला," ती म्हणाली. "तूच सांगितलं होतंस. मराठीत मागितला तर द्यायचा."

या शहरात तिला फोनवर 'आई' म्हणून हाक मारणारी दोनच माणसं आहेत, आणि त्यातली एक मी.

"म्हणाला, ताईचंच काम आहे, ती समारंभात आहे, तिला त्रास नको." आणखी एक शेंग मोडून तिने उरलेलंही सांगितलं. "म्हणाला, ताईला सांगू नकोस, ती उगाच चिडते."

"आणि तू नाही सांगितलंस."

"तू चिडतेसच."

म्हणजे तिला समजलं होतं. काय ते समजलं नसेल, पण काहीतरी सरळ नाही एवढं त्याच दुपारी समजलं होतं. तरीच गेला आठवडाभर ही माझ्याशी इतकी गोड वागत होती. डब्यात रोज माझ्या आवडीचं, रात्री पायाला तेल लावू का. मी भोळसट, मला वाटलं सीझनमध्ये माझी दमछाक बघून तिला माया आली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण आईवर ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने? लोकांचे आकडे सांभाळायला मी घरातला देवाचा खण निवडला होता. याहून सुरक्षित जागा मला सुचली नव्हती.

भावाला मी फोन करून फक्त 'ये' म्हटलं. तो आला. आल्या आल्या माझा चेहरा बघून त्याला काय ते कळलं, पण त्याने आधी आईच्या पाया पडून घेतलं, मग हात धुतले, मग जेवायला बसला. आईने त्याला गरम थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा. ते मी उभ्याने बघत होते.

"ताई, ते फक्त लीड्स होते," तो म्हणाला.

लीड्स. पोराबाळांसारखी जपलेली माणसं, त्यांच्या पंचवीस-पंचवीस वर्षांच्या फायली, आणि याच्या तोंडी शब्द काय, तर लीड्स, गळाला लावायची गिऱ्हाइकं. त्याची कंपनी छोट्या व्यापाऱ्यांना कर्ज विकते. टार्गेट पूर्ण होत नव्हतं, साहेबाने महिनाअखेरीची मुदत दिली होती. खऱ्या उलाढालीसकट दुकानदारांची यादी म्हणजे त्याला सोनं वाटलं. त्याने ती उतरवून घेतली. त्याच्या ओळखीचा एक जण नोएडात कॉल सेंटर चालवतो, फोन करायला त्याला दिली. त्याने पुढे कुणाला दिली, ते म्हणे याला माहीत नाही.

"मी कुणाचं खातं रिकामं केलं का?" तो विचारत होता. "मी केलं का ताई? कर्ज देणार होतो त्यांना. त्यांचं भलंच झालं असतं."

"माझ्याकडे का नाही मागितलीस यादी?"

"तू दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

आणि त्याने थालीपीठाचा पुढचा तुकडा मोडला. हे त्याचं उत्तर होतं. मी दिली नसती, म्हणून त्याने घेतली. मला तो सहावीत असतानाचा आठवला, शाळेत मार खाऊन आला की माझ्या मागे लपायचा, आणि मी कमरेला ओढणी खोचून त्या पोरांच्या घरी भांडायला जायची. पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत माझी जी भांडखोर म्हणून कीर्ती झाली, ती सगळी याच्यापायी. केसानं गळा कापला म्हणतात ना, तसं झालं. आणि कापताना त्याचा हातही हलला नाही.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारची सरदारीण दार उघडून बघून गेली. आई मध्ये पडली. "घरचं घरात मिटवा," म्हणत राहिली. "त्याला मुलगी आहे. नोकरी जाईल, तुरुंगात घालतील. त्या बाईचं काहीतरी करू आपण, माझ्या बांगड्या आहेत." मी म्हटलं, आई, यादीत ती बाई एकटी नाही. उद्या दुसऱ्याला फोन जाईल, परवा तिसऱ्याला, आणि प्रत्येकाला सांगतील की दीदीच्या ऑफिसातून बोलतोय. जोपर्यंत तो नोएडावाला सापडत नाही, तोपर्यंत हे थांबणार नाही.

शेवटी मी एवढंच ठरवलं. भावाने स्वतः माझ्यासोबत सायबर पोलिसांकडे यायचं. नोएडावाल्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी शेजारी बसेन, वकील मी देईन, चूक झाली असं दोघं मिळून सांगू. त्याने मान डोलावली.

"येतो ताई. तू आंटीला घेऊन पुढे हो, मी तिकडूनच पोचतो."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्या रात्रीसुद्धा ठेवला, सगळं कळल्यानंतर. याचा मला आजही जास्त राग येतो.

सकाळी आंटीजी आणि मी रिक्षाने गेलो. त्यांनी बँकेचे कागद एका अभ्र्यात गुंडाळून घेतले होते. तिथला अधिकारी भावाच्याच वयाचा होता, थकलेला, पण बोलायला नीट. त्याने आंटीजींना आधी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर टिपून घेतलं. मग मला म्हणाला, पैसे पुढे बऱ्याच खात्यांतून फिरवलेले दिसतायत, त्यांच्या मागे धावण्यात वेळ जाईल. "मैडम, डेटा कहाँ से निकला, ये पता चल जाए तो हम सीधे उन तक पहुँच सकते हैं. आपके अलावा किसके पास था?"

"एक आदमी आ रहा है," मी म्हटलं. "वही बताएगा. थोड़ा रुकिए."

तो थांबला. समोरच्या दाराकडे मी बघत होते. दर वेळी दार उघडलं की मला वाटायचं हाच. आंटीजी मला धीर देत होत्या. मला. "तू फ़िक्र मत कर, तेरी कोई ग़लती नहीं," असं म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

मग फोन वाजला. भावाचा.

"ताई, पोचलात का?" त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मागे ऑफिसातली गडबड ऐकू येत होती. "हे बघ, मी येत नाहीये. रात्रभर विचार केला. माझ्या येण्याने तिचे पैसे थोडेच परत येणार आहेत. तू सांग की कुठून फुटलं माहीत नाही. माझं नाव घेऊ नकोस."

मी पुन्हा दाराकडे पाहिलं.

"किंवा असं कर ना," तो म्हणाला, "सांग की त्या आंटीनेच कुणाला तरी सगळं सांगितलं असेल. म्हातारी आहे, लोकांना पटेल. आणि तू आत्ता तिथे त्यांच्यासमोरच बसली असशील तरी हरकत नाही, मराठीत बोल. त्यांना काय कळतंय."

मी आंटीजींकडे पाहिलं. फोनमधून येणारी मराठी त्यांच्या कानावर पडली होती. कालपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा हलका झाला.

"माता जी हैं?" त्यांनी विचारलं. "मेरी नमस्ते कहना."

अधिकाऱ्याने मान वर केली. "किसका फ़ोन है?"

फोन मी कानापासून बाजूला घेतला, पण बंद केला नाही. आयुष्यभर चारचौघांत लावत आलेलं ते दार माझ्या हातात होतं. नुसतं 'घरून आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मेरे छोटे भाई का है," मी म्हटलं. "डेटा उसी ने लिया था. हमारी माँ से कोड माँगकर. वो कह रहा है कि मैं उसका नाम न लूँ. कह रहा है, बोल दो आंटी ने ही किसी को बता दिया होगा, बूढ़ी हैं, लोग मान लेंगे. और कह रहा है कि मैं मराठी में बात करूँ, आप लोगों को कुछ समझ नहीं आएगा."

एकही शब्द मी गाळला नाही. आंटीजींचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला आणि मांडीवरच्या अभ्र्यावर ठेवला. अधिकाऱ्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि भावाचं पूर्ण नाव विचारलं. ते मी सांगितलं, आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

फोन अजून चालूच होता. भावाला हिंदी उत्तम येतं, दिल्लीतच वाढलाय तो.